इंटर्नशिपमध्ये कामच नाही? मग दिवसभर करायचं काय?

साडेदहाला ऑफिसला पोहोचलात. अकराला चहा झाला. त्यानंतर रील्स बघून कंटाळा आला, तरी घड्याळात अजून बारा वाजलेले नाहीत. ओळखीचं वाटतंय ना?

माझी पहिली इंटर्नशिप अशीच गेली. सर्टिफिकेट मिळालं, पण पुढच्या इंटरव्ह्यूत "तिथे नक्की काय केलंत?" असं विचारल्यावर मला धड उत्तर देता आलं नाही.

रिकामं बसणं एवढं जड का जातं?

२०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना १५ मिनिटं खोलीत एकटं बसवलं. सोबत फक्त विजेचा सौम्य झटका देणारं बटण होतं. १८ पुरुषांपैकी १२ जणांनी स्वतःला किमान एकदा झटका दिला! आपण तेच करतो, फक्त आपलं बटण म्हणजे मोबाईल.

काम का मिळत नाही?

ऑफिसात काम असतंच. पण ते तुम्हाला समजावायला अर्धा तास लागतो आणि सीनियर स्वतः दहा मिनिटांत उरकतात. त्यात नवख्याला लॉगिनही लगेच मिळत नाही. म्हणून "सर, काही काम आहे का?" याचं उत्तर "बसा, सांगतो" असंच येतं.

त्याऐवजी नेमकं काम मागा. "आवक-जावक रजिस्टरची नोंद एकदा दाखवा, उद्यापासून मी करतो." याला नाही म्हणणं अवघड असतं.

मोकळ्या वेळात काय करता येईल?

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. शिक्षणानुसार महिन्याला ६ ते १० हजार रुपये विद्यावेतन ठरलं आणि अनेक तरुण सरकारी कार्यालयांत पोहोचले. तुम्हीही अशाच कार्यालयात असाल, तर हे करून बघा:

• लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार कार्यालयात सेवांचा फलक असायला हवा. कोणती सेवा, किती दिवसांत, किती फी आणि पदनिर्देशित अधिकारी कोण, हे त्यावर असतं. तो पाठ करा. रांगेतल्या आजोबांना कुठला कागद लागेल ते सांगता आलं, की ऑफिसला तुमची गरज वाटू लागते.

• मराठी टायपिंग शिका. सरकारी टायपिंग परीक्षेची सुरुवात मिनिटाला ३० शब्दांपासून होते.

• रोज दोन ओळी लिहा: आज काय केलं, काय कळलं. सर्टिफिकेट घेताना हीच यादी दाखवून केलेल्या कामाचा उल्लेख करायला सांगा.

एक मात्र टाळा. टेबलावरच्या फाईलचा फोटो स्टेटसला टाकू नका. त्यावर कुणाचा तरी आधार नंबर असू शकतो.

आणि महिना उलटूनही काहीच काम नसेल, तर कॉलेजच्या किंवा योजनेच्या समन्वयकाला लेखी कळवा. हे महिने पुन्हा मिळणार नाहीत.