पायाच्या हाडातून नवा जबडा

प्लास्टिक सर्जरी म्हणजे सौंदर्याची हौस, असा अनेकांचा समज असतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र ‘घडविणे’ असा आहे. १९४१ साली स्थापन झालेल्या परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मुखकर्करोगाच्या रुग्णांसाठी हेच कार्य चालते. रोगग्रस्त जबडा काढल्यावर नडगीलगतचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह घेऊन त्याला जबड्याचा आकार देतात. त्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतील वाहिन्यांना जोडतात. शरीराचा भार मुख्यतः नडगीवर असल्याने रुग्ण पुन्हा चालू लागतो. सुरुवातीस गुठळीचा धोका असतो; तरी अनुभवी केंद्रांत शंभरातील सुमारे ९५ रुग्णांत बसविलेले हाड जगते. बोलणे, गिळणे सरावाने पुन्हा शिकावे लागते. चेहरा विद्रूप होईल या भीतीने उपचार लांबविणाऱ्या आप्तेष्टांना हे अवश्य सांगावे, अशी आम्ही वाचकांना विनंती करतो.