वैमानिक हवेत, तरी परवानेवाले घरी

५ डिसेंबर २०२५ला इंडिगोची हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. नव्या नियमांनी वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास झाली होती, रात्री विमान उतरवण्याची मर्यादा ६ वरून २ वर आली होती. नियम योग्यच; थकलेल्या माणसाच्या हाती विमान देऊ नये. पण तेवढे वैमानिक तयार नव्हते.

मग शहापूर-मुरबाडच्या बारावी विज्ञानवाल्यांना लगेच नोकरी? नाही. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उड्डाण लागतं. गोंदियाच्या बिरसी विमानतळावर, जिथे हे प्रशिक्षण चालतं, ढग खाली आले की शिकाऊ विमान जमिनीवरच. पावसाळ्यात तास रखडतात. पुढे एअरबस ए३२० सारख्या विमानाचं टाइप रेटिंग (त्या विशिष्ट विमानाची पात्रता), सिम्युलेटर, मग प्रवाशांसह उड्डाणं, शेजारी प्रशिक्षक कॅप्टन. खरी कोंडी इथे होते. कॅप्टनला लागणारा परवाना १५०० तासांनंतर मिळतो आणि प्रशिक्षक कॅप्टनांतूनच घडतात. म्हणून नवे परवानाधारक ताटकळतात, आणि कंपन्या कॅप्टन शोधत फिरतात.

खर्च लाखांत जातो. त्यासाठी शेतजमीन गहाण टाकण्याआधी हवाई नियामक डीजीसीएची वैद्यकीय तपासणी, आधी वर्ग २ आणि मग वर्ग १, उरकून घ्या.