गोल नसलेलं दातेरी चाक

भात लावताना आपला हात कसा चालतो, ते जरा आठवून पाहा. जुडीतून दोन-तीन रोपं अलगद सुटी करायची, पटकन खाली न्यायची, चिखलात जपून रोवायची आणि हात झटकन वर घ्यायचा. कुठे घाई, कुठे सबुरी. हेच काम बसून चालवायच्या लावणी यंत्राने करायचं, तर त्याच्या लोखंडी बोटांनाही अशीच सबुरी लागते. इंजिन मात्र एकसारखं फिरतं. म्हणून अशा यंत्रांच्या पेटीत गोल नसलेली, किंवा मधोमध न बसवलेली दातेरी चाकं घालतात. ती वेग कमी-जास्त करतात.

यंत्र शेतात उतरतं तेव्हा लावणीची मजुरी बायांच्या हातून जाते. ते बिघडलं की पेटी उघडायला मात्र बाईला कोणी बोलावत नाही. पेटीतलं गणित आपल्याला कळलं, तर निदान ‘हे आपलं काम नव्हे’ असं वाटणार नाही. म्हणून आज आम्ही असं चाक प्लायवूडमध्ये कसं करायचं, ते सांगतो. घरच्या पडवीत होण्यासारखं हे काम आहे.

आधी आकार. हा आहे लंबवर्तुळ. कागदावर ४० मिलिमीटर अंतरावर दोन टाचण्या टोचा. १६० मिलिमीटर घेराचा दोऱ्याचा फास दोन्ही टाचण्यांभोवती घाला. पेन्सिलीने तो ताणून धरा आणि पेन्सिल फिरवा. जो आकार उमटेल त्याची लांबी १२० आणि रुंदी साधारण ११३ मिलिमीटर भरेल. म्हणजे डोळ्याला जवळपास गोलच दिसेल. टाचण्यांच्या जागांना लंबवर्तुळाच्या नाभी म्हणतात.

गंमत अशी, की चाकाचा आस मधोमध बसवायचा नाही, एका नाभीत बसवायचा. अशी दोन सारखी चाकं, त्यांचे आस १२० मिलिमीटरवर ठेवून शेजारी लावली, तर ती फिरताना कायम एकमेकांना टेकून राहतात. कारण दोऱ्यातच आहे: कडेवरच्या कुठल्याही जागेपासून दोन टाचण्यांपर्यंतच्या अंतरांची बेरीज नेहमी १२० च भरते. त्यामुळे एका चाकाची बाजू जितकी वाढते, तितकीच दुसऱ्याची घटते.

आता वेग पाहा. आसापासून जवळचं टोक ४० मिलिमीटरवर, लांबचं ८० वर. हँडलच्या चाकाचं जवळचं टोक दुसऱ्याच्या लांबच्या टोकाला भिडतं, तेव्हा दुसरं चाक निम्म्या वेगाने फिरतं. अर्धा फेरा झाला की उलटं होतं आणि ते दुप्पट वेगाने पळतं. फेरे मात्र दोघांचे सारखेच.

मग दात. कडेची पूर्ण लांबी लागते. गोलाच्या परिघासारखं साधं सूत्र लंबवर्तुळाला नाही. पण श्रीनिवास रामानुजन यांनी १९१४ साली दिलेल्या सूत्राने अगदी जवळचं उत्तर मिळतं. आपल्या चाकाला ते सुमारे ३६६ मिलिमीटर येतं. दात ३७ घ्या, म्हणजे एक दात आणि एक खाच मिळून ९.९ मिलिमीटर. कंपासपेटीतल्या कर्कटकात हे अंतर धरून कडेने पावलं टाकत जा. शेवटचं पाऊल पहिल्यावर पडेपर्यंत अंतर केसभर कमी-जास्त करा. कोनमापकाने समान कोन पाडू नका. तसे पाडले तर दात कुठे दाट, कुठे विरळ होतील.

दातांची संख्या विषम का? पहिला दात आसाजवळच्या टोकावर बरोबर मध्यावर आखला, की समोरच्या टोकावर आपोआप खाच येते. दात खाचेत बसायला हवा, आणि इथे जवळचं टोक लांबच्या टोकालाच भिडतं. म्हणून दोन्ही चाकं हुबेहूब सारखी चालतात. सहा मिलिमीटरचे दोन प्लाय एकावर एक ठोकून एकदमच कापता येतात.

दाताचा आकार मनाने काढू नका. जाड पुठ्ठ्याची, सरळ बाजूंच्या दातांची कंगव्यासारखी पट्टी करा. तिचे दात ९.९ मिलिमीटरवर, बाजू २० अंशांनी कललेल्या. ही पट्टी कडेवरून न घसरता थोडी थोडी लोळवा आणि दर वेळी तिची रेघ काढा. रेघांच्या गर्दीतून खाचेचा खरा आकार दिसू लागतो. दात आखलेल्या कडेच्या बाहेर साधारण ३ आणि खाच आत ४ मिलिमीटर असू द्या.

कागद प्लायवर चिकटवा. आसाची भोकं आधी पाडा, मगच बारीक पात्याच्या करवतीने कापा आणि कानस मारा. दोन्ही चाकांत दात असलेल्या टोकाजवळचंच भोक आसाला वापरा. आसांमधलं अंतर १२० पेक्षा किंचित जास्त ठेवा. चाकं कुठे अडली तर तिथल्या दातांवर पेन्सिल घासा. फिरवल्यावर जिथे काळं पुसेल, तिथे कानस लावा. शेवटी दातांवर मेण चोळा.

ड्रिल किंवा वीजेची करवत हाती घेण्याआधी पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणीचा अंबाडा बांधा, बांगड्या उतरवा. डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडाला मास्क हवाच, कारण प्लायचा भुसा वाईट. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे नकोत. ते गुंडाळले जाऊन हात ओढला जातो.

चाकं जमली की दुसऱ्या चाकावर खडूने एक खूण करा आणि हँडल एकसारखं, सावकाश फिरवा. खूण आधी रेंगाळेल, मग झपाट्याने पळेल. लावणीचा हात चालतो, तसाच.