घातक कचरा, घरगुती : यवतमाळ जिल्हा

घरात वापरून टाकून दिलेल्या ज्या वस्तू विषारी, ज्वालाग्राही, संक्षारक वा रोगप्रसारक असल्यामुळे नेहमीच्या केरकचऱ्यात मिसळल्यास माणसे, जनावरे, जमीन व पाणी यांना अपाय करतात, त्यांना घरगुती घातक कचरा म्हणतात. भारत सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रंगाचे व कीटकनाशकांचे डबे, पारायुक्त दिवे, मुदत संपलेली औषधे, फुटलेले पाऱ्याचे तापमापक, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया इ. वस्तूंचा त्यात समावेश केला होता. यवतमाळसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात या सर्वांमध्ये कीटकनाशकांचे रिकामे डबे व त्यांत उरलेला द्रव यांना पहिले स्थान द्यावे लागते.

जिल्ह्यातील परिस्थिती : १६ तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सु. २७·७ लाख असून तीन-चतुर्थांशांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात. कापूस, सोयाबीन व तूर ही मुख्य पिके होत. कापसावरील फवारणी मुख्यत्वे जुलै ते ऑक्टोबर या काळात होते. बोलीभाषेत कीटकनाशकाला सर्रास ‘औषध’ म्हणतात. त्यामुळे त्याचे विषारीपण नजरेआड होते. अर्धवट भरलेली बाटली घरातील फळीवर वा गोठ्यात ठेवली जाते. रिकामा डबा धुऱ्यावर वा नाल्यात पडतो किंवा धुऊन पाणी, तेल, रॉकेल अथवा धान्य ठेवण्यासाठी वापरला जातो.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. या दुर्घटनेने फवारणीतील धोक्याकडे देशाचे लक्ष वेधले. फवारणी संपल्यावरही डब्यातील विष शिल्लक राहते, हे मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिले. त्याचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो, हे बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये दिसून आले. तेथील एका शाळेत मध्यान्ह भोजनामुळे २३ मुले दगावली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात व तेलाच्या डब्यात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. हे कीटकनाशक कापसावरही दीर्घकाळ वापरले जात होते.

विषारीपणाची खूण : कीटकनाशक नियम, १९७१ अन्वये प्रत्येक वेष्टनावर तिरप्या चौकोनात रंगीत खूण असते. लाल रंग अत्यंत विषारी, पिवळा अतिविषारी, निळा मध्यम विषारी व हिरवा अल्प विषारी द्रव्य दर्शवितो. लाल खुणेबरोबर कवटी व हाडे यांचे चित्र असते. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ही खूण कळू शकते; मात्र डब्यावरील कागद निघाला की ती नाहीशी होते. म्हणून उरलेले द्रव्य मूळ वेष्टनातच, कुलपात व अन्नधान्यापासून दूर ठेवावे. ते दुसऱ्या बाटलीत ओतू नये.

विल्हेवाटीची पद्धत : डबा रिकामा होताच तो तीन वेळा विसळणे, ही जगभर मान्यता पावलेली पद्धत आहे. डब्यात सु. एक-चतुर्थांश पाणी घालून झाकण घट्ट लावतात, अर्धा मिनिट हलवितात आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओततात. असे तीनदा केल्याने बहुतेक अवशेष निघून पिकावरच वापरला जातो. विसळण्यास उशीर केल्यास अवशेष वाळून चिकटतो. हे काम हातमोजे घालून करावे. विसळलेले पाणी विहीर, नाला वा गुरांच्या हौदाजवळ सांडू नये. नंतर डब्याच्या तळाला भोके पाडावीत, म्हणजे त्याचा पुनर्वापर होत नाही.

उपर्युक्त नियमांत वेष्टने फोडून वस्तीपासून दूर पुरण्याची तरतूद आहे. तथापि विहिरी व ओढ्यांच्या आसपास पुरल्यास उरलेले विष पाण्यात उतरण्याचा धोका असतो. उघड्यावर जाळणे त्याहून वाईट, कारण त्यातून विषारी धूर निघतो. भंगारवाल्याला न विसळलेला डबा देणे म्हणजे धोका दुसऱ्याच्या घरी पाठविणे होय.

इतर वस्तू : पारायुक्त दिवा फुटल्यास खिडक्या उघडून काही वेळ खोलीबाहेर थांबावे, तुकडे झाडूने न लोटता जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बरणीत ठेवावेत. सुया जाड प्लॅस्टिकच्या डब्यात बंद कराव्यात. बॅटऱ्या फोडू किंवा जाळू नयेत; त्या विक्रेत्याकडे वा संकलन केंद्राकडे द्याव्यात.

सामूहिक व्यवस्था : एकट्या घराची दक्षता पुरेशी नसते. २०१६ च्या नियमांनी शहरांत दर २० चौ. किमी. क्षेत्रास एक संकलन केंद्र अपेक्षिले होते. परंतु त्या नियमांचा भर नागरी क्षेत्रांवर होता आणि कीटकनाशकांचा वापर मुख्यतः खेड्यांत होतो. विदर्भात घातक कचऱ्यावर प्रक्रिया करण्याची सुविधा नागपूरजवळील बुटीबोरी येथे आहे. खेड्यातील दोन-चार डबे तेथवर आपोआप पोहोचणे शक्य नसते. ब्राझीलने २००० मध्ये कायदा करून शेतकऱ्याने विसळलेला डबा परत द्यावा, विक्रेत्याने तो स्वीकारावा व उत्पादकाने त्याची विल्हेवाट लावावी, अशी जबाबदारी वाटून दिली. त्यामुळे तेथे प्लॅस्टिकच्या प्राथमिक वेष्टनांपैकी फार मोठा भाग परत येतो. ग्रामपंचायत, कृषी सेवा केंद्र व उत्पादक यांच्यात अशीच विभागणी झाल्यास हंगामाच्या शेवटी गावातील डबे एकत्र करून पुढे पाठविणे शक्य होईल.

विषबाधेची लक्षणे : ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशकांच्या विषबाधेत घाम, लाळ, उलट्या, बाहुल्या बारीक होणे व श्वासास अडथळा ही लक्षणे दिसतात. रोग्याचे कपडे काढून त्वचा साबण व पाण्याने धुवावी, घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला रुग्णालयात न्यावे आणि डबा वा त्यावरील कागद बरोबर न्यावा. विषाचे नाव समजल्यास उपचार लवकर ठरविता येतो.