पत्ता लिहा, पण नटवून!

ऑफिसच्या इनबॉक्समध्ये मेलचा पाऊस बारा महिने सुरूच असतो. बिल्डिंगखालच्या लेटरबॉक्समध्ये मात्र काय येतं? बँकेचं पाकीट, विम्याची नोटीस, नव्या पिझ्झावाल्याचं पॅम्प्लेट. त्या गठ्ठ्यात एखाद्या दिवशी हाताने रंगवलेलं पाकीट सापडलं तर? तुमचं नाव ठसठशीत देवनागरीत, शिरोरेषेवर बसलेली चिमणी आणि कोपऱ्यात टपालाचा गोल शिक्का. फोडायचंसुद्धा जिवावर येईल!

हाच तो छंद. पाकिटावर नाव-पत्ता सजवून लिहायचा, तिकीट लावायचं आणि लाल पेटीत टाकायचं. पलीकडून मित्र किंवा मैत्रीण उलट टपाली तसंच पाकीट पाठवणार. बाहेरच्या जगात याच्या भावंडाला 'मेल आर्ट' म्हणतात. न्यूयॉर्कच्या रे जॉन्सन या चित्रकाराने १९५०-६०च्या दशकांत मित्रांना टपालाने चित्रं धाडून त्याची हवा केली. वॉशिंग्टनच्या कॅलिग्राफर्स गिल्डची तर खास सजवलेल्या पाकिटांची 'ग्रेसफुल एन्व्हलप' स्पर्धा आहे. ती सुरू झाली १९९५ मध्ये. प्रवेशिका टपालानेच पाठवायची, म्हणजे शिक्काही डिझाइनचाच भाग!

मु., ता., जि.ची गंमत

आपल्याला सरावाला शब्द शोधत बसायला नको, मराठी पत्त्यातच सगळा माल आहे. 'मु. हमरापूर, ता. पेण, जि. रायगड' एवढंच लिहून बघा. 'ह'चं पोटातलं वळण, 'म'ची गाठ, 'रा'चा ताठ काना, 'पू'च्या पायाशी लोंबणारी ऊकाराची शेपटी आणि शेवटी 'र'चा तिरका पाय. पाच अक्षरांत केवढी व्हरायटी! हातात बोरू असो, कट निब असो की दुकानातला कट मार्कर, कोन शेवटपर्यंत सारखा ठेवा. जाड-बारीक रेषा मग आपोआप येते. हात बसला की मोडीच्या वळणांकडे वळा. अच्युत पालव यांनी मोडीच्या अभ्यासातूनच आपली अक्षरांची वाट शोधली आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे 'अक्षर काढून काय मिळणार?' या काकांच्या प्रश्नाला उत्तर तयार आहे.

हमरापूर मुद्दाम निवडलंय. पनवेलहून रोह्याकडे जाताना पेणच्या आधी हे स्टेशन लागतं. हमरापूर आणि शेजारचं जोहे ही गणपतीच्या कारखान्यांची गावं. तिथलं सगळ्यात नाजूक काम म्हणजे डोळ्यांची आखणी. बारीक ब्रश रंगात बुडवायचा आणि पापणीची रेष एका दमात ओढायची. ती केसभर चुकली तर बाप्पाच्या चेहऱ्यावरचा भावच बदलतो. सीझनला मूर्तींची रांग लागलेली असताना हे काम करणारा हात बघितला की कळतं, रेष मनगटात नसते, सवयीत असते. अक्षरांचंही तसंच. पहिली दहा पाकिटं गिचमिड होणार. होऊ द्यात.

पोस्टमनला कोडं नको

कागदावरचं चित्र आणि पाकीट यात एक मोठा फरक आहे. पाकिटाला प्रवास करायचा असतो. ते सॉर्टिंगमधून, गोणीतून, पोस्टमनच्या पिशवीतून जाणार. नक्षी कितीही देखणी असली तरी पत्ता वाचता आला नाही, तर सगळं मुसळ केरात.

म्हणून पिनकोड साध्या, सुट्या आणि मोठ्या आकड्यांतच लिहा. ही सहा आकड्यांची युक्ती एका मराठी माणसाची आहे. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या भाषा आणि लिप्या यांतून पत्राला वाट दाखवायला १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला. पेणचा ४०२१०७. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा विभाग. पहिले तीन आकडे मिळून सॉर्टिंगचा जिल्हा आणि शेवटचे तीन नेमकं पोस्ट ऑफिस सांगतात. 'ह' कितीही वळवा, पण ७चा १ होऊ देऊ नका!

बाकी पथ्यं सोपी:
• उजवा वरचा कोपरा तिकिटासाठी मोकळा. पत्ता उजवीकडे खालच्या अर्ध्या भागात, नक्षी डावीकडे.
• गडद पाकिटावर पत्त्यापुरती पांढरी पट्टी चिकटवा.
• शाई वॉटरप्रूफ हवी. कोकणातल्या जुलैत साधं जेल पेन टिकत नाही. पत्त्यावरून पांढरी मेणबत्ती हलकेच घासली तर पाणी निथळून जातं.
• टिकल्या, मणी, बटणं बाहेरून नकोत, वाटेत अडकतात.
• पाकीट जाड झालं तर काउंटरवर वजन करूनच तिकीट लावा.
• मागे स्वतःचा पत्ता हवाच. चुकलं तर पाकीट घरी तरी परत येईल.

एकट्याने कंटाळा येत असेल तर कॉलेजच्या ग्रुपमधल्या पाच जणांची साखळी करा. महिन्याला एक पाकीट, दर वेळी पुढच्या नावाला. आणि हात बसल्यावर टपाल खात्याची 'ढाई आखर' ही हस्तलिखित पत्रांची स्पर्धा आहेच. ती २०१७ मध्ये सुरू झाली.

पण एवढा खटाटोप का?

कारण पत्रांची ही सोय कायमची आहे, असं धरून चालता येत नाही. डेन्मार्कच्या पोस्टनॉर्ड या सरकारी मालकीच्या टपाल कंपनीने ३० डिसेंबर २०२५ ला पत्रं वाटणं थांबवलं. तिथे चारशे वर्षांची परंपरा होती. लोक पत्रं लिहीनासे झाले, एवढंच कारण. लाल पेट्याही उचलून नेल्या. आपल्याकडेही २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. साधं पत्र अजून आहे. पाच रुपयांच्या तिकिटावर वीस ग्रॅमचं पाकीट आजही खेडोपाडी पोचतं.

दुसरं कारण त्याहून जवळचं. 'हॅपी बर्थडे' टाइप करायला पाच सेकंद लागतात आणि विसरायलाही तेवढीच. पाकिटावर मात्र तुमचा अर्धा तास दिसतो. तुम्ही कुणाचं तरी नाव सावकाश, एकेक अक्षर करत लिहिलंत, हे समोरच्याला आतलं पत्र वाचायच्या आधीच कळतं.

तेव्हा या शनिवारी आत्याचा, जुन्या रूममेटचा, गावाकडच्या मास्तरांचा, कुणाचाही पत्ता शोधा. फोन नंबर नव्हे, पत्ता! तो तुमच्याकडे नसेल, तर विचारण्याच्या निमित्ताने एक फोनही होऊन जाईल.