शिडाच्या घरात २५४ दिवस

हैदराबाद आणि सिकंदराबाद यांच्या मधोमध पसरलेल्या हुसेनसागरावर शिडाच्या होड्यांच्या शर्यती होतात, हे आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. समुद्र शेकडो मैल दूर, आणि तरीही तेथील मुले वारा ओळखावयास शिकतात! तथापि तलावात होडी उलटली तर काठ डोळ्यांसमोर असतो. महासागरातील शिडाचे जिणे अगदीच निराळे. आणि ते हैदराबादच्याच एका कन्येने अनुभवले आहे.

नौदलातील अधिकारी ऐश्वर्या बोड्डपाटी या त्या होत. १० सप्टेंबर २०१७ रोजी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा तरुणी 'तारिणी' नौकेतून गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या. नौका गोव्यातीलच दिवाडी बेटावर बांधलेली. लांबी अवघी ५५ फूट. स्वयंपाक, झोप, नकाशे, सुटे भाग आणि महिन्या-दीड महिन्याचा शिधा, सारे तेवढ्यातच.

लोक याला साहस म्हणतात. मला तर त्यात घरकामच अधिक दिसते. अशा नौकेत चूल झुलती टांगलेली असते, नाहीतर नौका कलताच भांडे खाली यावयाचे. झोपणाराला फळीवरून घरंगळू नये म्हणून कडेला कापड ताणावे लागते. ताजी भाजी काही दिवसांतच संपते. खाऱ्या पाण्याने भिजलेले वस्त्र धड वाळत नाही. फाटलेले शीड शिवणे, झिजलेला दोर बदलणे, हे रोजचेच. आणि रात्र झाली म्हणून नौका थांबत नाही. आपले कोळीबांधव खाडीत नांगर टाकून विसावतात. महासागराचा तळ हजारो मीटर खाली, तेथे नांगर टाकावयाचा कोठे? म्हणून पाळीपाळीने जागावयाचे, अष्टौप्रहर.

सर्वांत कठीण टप्पा न्यूझीलंडच्या लिटल्टन बंदरापासून फॉकलंड बेटांपर्यंतचा. दक्षिणेच्या त्या पट्ट्यात पश्चिमेचा वारा अडविण्यास जमीन जवळजवळ नाहीच. लाटा दुमजली घराएवढ्या उठतात, थंडी हाडे गोठविते. डिसेंबरात निघालेल्या या मुलींचा नाताळ पॅसिफिकमध्येच गेला. जानेवारी २०१८मध्ये त्यांनी केप हॉर्नला वळसा घातला. घरी त्यांच्या आईबापांनी ते दिवस कसे काढले असतील, हे ज्यांची मुले समुद्रावर जातात त्यांना सांगावयास नको.

मुक्कामाची बंदरे चारच ठरली होती. परंतु परतीच्या वाटेवर हिंदी महासागरात सुकाणूची यंत्रणा बिघडली. नौका मॉरिशसच्या पोर्ट लुईसला न्यावी लागली, दुरुस्ती झाली, मगच पुढचा प्रवास. २१ मे २०१८ रोजी, २५४ दिवसांनी, सहाही जणी गोव्यात सुखरूप उतरल्या. २१,६०० सागरी मैलांहून अधिक अंतर त्यांनी शिडांच्या बळावर कापले होते.

याच 'तारिणी'तून ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच जग फिरून आल्या. दोघीच म्हणजे, एक झोपली की दुसरी एकटी जागी.