हाताने घेतलेला कॉर्नर

15 ऑक्टोबर 2019. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर विश्वचषक पात्रता फेरीत भारत बांगलादेशाविरुद्ध एका गोलने मागे होता. 88व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसने कॉर्नर घेतला, आदिल खानने उसळी मारून चेंडूला डोके लावले आणि भारताची लाज राखली. कॉर्नर घेणारा गोव्याचा, हेडर मारणाराही गोव्याचा. त्यातही आदिल हा सेझा फुटबॉल अकादमीत घडलेला, म्हणजे डिचोली तालुक्यातल्या साखळीशी नाते सांगणारा. बांगलादेशाचा गोलही फ्री किकवर मारलेल्या हेडरचाच होता.

त्या वर्षी पात्रता फेरीचे पाच सामने खेळून भारताने एकूण तीन गोल केले. गुवाहाटीत ओमानविरुद्ध ब्रँडनने फ्री किक थेट गोलकडे न मारता हळूच सरकवली आणि सुनील छेत्रीने ती जाळ्यात धाडली. दुसरा गोल हा कोलकात्याचा. तिसरा दुशान्बेत अफगाणिस्तानविरुद्ध भरपाई वेळेत, पुन्हा ब्रँडनच्याच कॉर्नरवर सेमिनलेन डौंगेलच्या हेडरने. तिन्ही गोल थांबलेल्या चेंडूवरून आले. वाहत्या खेळातून एकही नाही.

हा केवळ योगायोग नव्हता. 2018च्या विश्वचषकात झालेल्या 169 गोलांपैकी 73 सेट पीसवरून झाले होते. म्हणजे कॉर्नर, फ्री किक, पेनल्टी अशा थांबलेल्या चेंडूंवरून. उपांत्य फेरी गाठणाऱ्या इंग्लंडच्या 12 गोलांपैकी 9 याच वाटेने आले. कारण सरळ आहे. वाहत्या खेळात बावीस जण एकाच वेळी धावत असतात आणि कोणतीही दोन क्षणचित्रे सारखी नसतात. सेट पीसमध्ये मात्र चेंडू कुठे ठेवायचा, कोणी कुठून धावायचे, कोणी कोणाची वाट अडवायची हे आधी ठरवता येते. फुटबॉलमधला हाच एक भाग जसाच्या तसा घोटून घेता येतो.

म्हणून कॉर्नर मिळाला की गोल झालाच, असे मात्र नव्हे. इंग्लिश प्रीमियर लीगच्या आकडेवारीनुसार शंभर कॉर्नरमागे गोल होतात दोन-तीनच. तरीही मोठे क्लब त्यासाठी वेगळा प्रशिक्षक नेमतात. आर्सेनलने 2021मध्ये निकोला जोव्हेर यांना खास याच कामासाठी घेतले. गुगल डीपमाइंडने लिव्हरपूल क्लबच्या साथीने ‘टॅक्टिकएआय’ ही प्रणाली तयार केली. तिला प्रीमियर लीगचे 7,176 कॉर्नर दाखवण्यात आले आणि तिने सुचवलेल्या मांडण्या तज्ज्ञांना 90 टक्के वेळा प्रत्यक्षातल्या मांडण्यांपेक्षा सरस वाटल्या. हे संशोधन मार्च 2024मध्ये प्रसिद्ध झाले. शंभरात दोनाचे तीन झाले, तरी पूर्ण मोसमात त्याचे गुण होतात, हा त्यामागचा हिशेब.

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या गावच्या संघांना अशी प्रणाली परवडणार नाही. त्यांच्याकडे तिच्याहून स्वस्त हत्यार आहे: लांब थ्रो.

नियमांपासूनच सुरुवात करू. थ्रो-इन दोन्ही हातांनी, डोक्याच्या मागून आणि डोक्यावरून टाकावा लागतो, दोन्ही पायांचा काही भाग जमिनीला टेकलेला हवा. थ्रोवरून थेट गोल धरला जात नाही. पण थ्रोवर ऑफसाइडही नसतो, आणि ही सवलत 1920पासून आहे. म्हणजे आपला उंच खेळाडू खुशाल गोलरक्षकाच्या नाकासमोर उभा राहू शकतो. कॉर्नरवरही हीच मुभा असते. फरक एवढाच की, सामन्यात कॉर्नर मोजके मिळतात आणि थ्रो मात्र सारखे मिळत राहतात.

आता भूमिती पाहू. आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी मैदानाची रुंदी 64 ते 75 मीटर लागते. गोलची रुंदी 7.32 मीटर. कॉर्नरच्या झेंड्याजवळून थ्रो टाकला, तर जवळचा खांब 64 मीटर रुंद मैदानावर सुमारे 28 मीटर दूर असतो आणि 75 मीटरच्या मैदानावर जवळपास 34 मीटर. साध्या सामन्यांसाठी मात्र नियम 45 मीटरपर्यंत रुंदी चालवून घेतात. तिथे तोच खांब 19 मीटरांवर येतो. गावातले मैदान नियमपुस्तिकेपेक्षा उपलब्ध जागेच्या मापाने आखले जाते. एका बाजूला कुळागराचा बांध, दुसऱ्या बाजूला रस्ता. अशा अरुंद मैदानावर साधारण ताकदीच्या मुलाचा थ्रोसुद्धा गोलच्या तोंडाशी पडतो. तिथे प्रत्येक थ्रो हा हाताने घेतलेला कॉर्नरच.

इंग्लंडमध्ये स्टोक सिटीने हे ओळखले होते. 2008मध्ये प्रीमियर लीगमध्ये आल्यावर त्यांनी आपले मैदान नियमांत बसेल तितके लहान, 100 बाय 64 मीटर ठेवले. त्यांचा रोरी डिलॅप शाळेत असताना भालाफेकीत चमकलेला. त्याच्या थ्रोची धास्ती एवढी की, एका सामन्यात हल सिटीचा गोलरक्षक बोआझ मायहिल याने थ्रो देण्यापेक्षा चेंडू स्वतःच गोलरेषेबाहेर मारून कॉर्नर देणे पसंत केले.

चेंडू लांब टाकायचा म्हटले की शाळेतले विज्ञान 45 अंशांचा कोन सांगते. ब्रुनेल विद्यापीठाच्या निकोलस लिनथॉर्न आणि डेव्हिड एव्हरेट यांनी 2006मध्ये प्रत्यक्ष थ्रो मोजले, तेव्हा सर्वाधिक अंतर 30 अंशांच्या आसपास मिळाले. 45चे गणित गृहीत धरते की कोन कोणताही असो, वेग तेवढाच राहील. मानवी शरीर तसे चालत नाही. फेक वर वळवली की स्नायूंचा जोर कमी पडतो आणि चेंडू हातातून सुटतानाचा वेग घटतो. अंतर तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. हवेचा अडथळा बाजूला ठेवला, तर वेग 10 टक्क्यांनी वाढल्यावर अंतर 21 टक्क्यांनी वाढते. म्हणून उंचीच्या मोहापेक्षा वेग राखणे फायद्याचे.

चपट्या थ्रोचा आणखी एक लाभ आहे, तो अंतराइतकाच मोलाचा. चेंडू सेकंदाला 18 मीटर वेगाने सुटला असे धरू आणि पुन्हा हवा विसरू. 30 अंशांवर तो साधारण 1.8 सेकंद हवेत राहतो, 45 अंशांवर 2.6 सेकंद. फरक पाऊण सेकंदाचा. तेवढ्या वेळात धावता माणूस पाच मीटरच्या आसपास अंतर कापतो आणि गोल क्षेत्राची खोली आहे साडेपाच मीटर. उंच, तरंगता थ्रो गोलरक्षकाला पुढे येऊन चेंडू झेलायला वेळ देतो. चपटा थ्रो त्याला रेषेवरच खिळवतो.

हा वेग केवळ दंडातून येत नाही. थ्रो टाकणारा धावत येतो, पुढचा पाय रोवतो, कमरेतून मागे वाकतो आणि मग छाती, खांदे, कोपर, मनगट अशा क्रमाने शरीर गोफणीसारखे सुटते. सुटताना बोटांनी चेंडूला मागच्या दिशेने फिरकी दिली, तर तो हवेवर थोडा अधिक तरतो. डेन्मार्कच्या थॉमस ग्रोनेमार्कने 2010मध्ये कोलांटी मारत 51.33 मीटरचा थ्रो टाकून विक्रम केला. पुढे लिव्हरपूलने त्याला खास थ्रो-इनचा प्रशिक्षक म्हणून बोलावले.

आपल्याकडे यात पावसाची भर पडते. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. जांभ्याच्या लाल मातीचे मैदान भिजले की जमिनीवरून दिलेला पास डबक्यात रुततो नाहीतर बुटांखालून घसरून जातो. हवेतल्या चेंडूला मात्र चिखलाशी देणेघेणे नसते. त्यामुळे जूनपासून लांब थ्रोचा भाव वधारतो. अडचण ओल्या चेंडूची. बोटे घसरली की वेगही गेला आणि दिशाही. डिलॅप थ्रोआधी टॉवेलने चेंडू कोरडा करून घेत असे.

धोकेही आहेत. थ्रोसाठी उंच बचावपटू पुढे गेले आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याला मिळाला, तर मागे रान मोकळे. म्हणून दोघे तरी मध्यरेषेजवळ थांबलेच पाहिजेत. शिवाय हाताने फेकलेला चेंडू लाथेने मारलेल्या चेंडूपेक्षा मंद असतो, पहिल्याच हेडरवर त्याला गोल होण्याइतका जोर देणे अवघड. गोल होतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या स्पर्शावर: जवळच्या खांबापाशी एकाने डोक्याने चेंडू मागे सरकवायचा आणि मागून धावत आलेल्याने पाय लावायचा. कोवळ्या मुलांकडून मात्र हेडरचा सराव घेऊ नये. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने 2015मध्ये दहा वर्षे आणि त्याखालच्या मुलांना हेडर मारायला बंदी केली, ती मेंदूला बसणाऱ्या धक्क्यांच्या चिंतेतून.

गोव्याच्या फुटबॉलचे वजन पूर्वापार सासष्टी, बार्देश, तिसवाडीकडे राहिले आहे. धेंपो, साळगावकर हे नामवंत क्लब खनिज व्यवसायातल्या घराण्यांनी उभारले आणि ते खनिज डिचोलीसारख्या तालुक्यांच्या डोंगरांतून निघत होते, तरीही. पेडणे, डिचोली ज्यात मोडतात त्या नव्या काबिजादीतल्या संघांकडे ना परदेशी खेळाडू, ना गुळगुळीत हिरवळ. कुशल ड्रिब्लर घडायला दहा वर्षे लागतात. तीस अंशांचा थ्रो आणि त्यावरच्या दोन ठरावीक धावा एका पावसाळ्यात बसवता येतात. त्यासाठी पेडण्यातल्या प्रशिक्षकाला आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे, एक कोरडा टॉवेल आणि एक वही पुरे. वहीत तीनच रकाने हवेत: किती थ्रो टाकले, त्यांपैकी कितींवर पहिला स्पर्श आपला झाला, आणि किती वेळा आपल्याच गोलवर उलटा हल्ला आला. तिसरा रकाना दुसऱ्यापेक्षा वेगाने भरू लागला, तर थ्रो आखूड टाकायला सांगावे.